गाडीचाही खोडवा पाहावा
— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



दर अंकात या पानावर आपण बेणेमळा, सरीतले अंतर, पाचट कुजविणे, हुमणीचा बंदोबस्त असले विषय वाचत आला आहात. या वेळी मोटारगाडीवर लिहितो आहे, म्हणून कोणी दचकू नये. उसाच्या नोंदी घ्यायला शेतावर गेलो की पूर्वी सभासद विचारायचा, "साहेब, जात कोणती लावू?" आता उसाचे बोलणे पाच मिनिटांत आटोपते आणि बांधावरच दुसरा प्रश्न येतो, "साहेब, गाडी कोणती घेऊ? टिकाऊ सांगा." बिलाचा हप्ता खात्यावर पडला की हा प्रश्न हमखास. मी मेकॅनिक नव्हे. माझी पदविका शेतीची. परंतु वीस वर्षे गटागटांतून हिंडताना कोणाच्या दारात कोणती गाडी किती वर्षे चालली, कोणाची कुठे बंद पडली आणि कोणत्या बिलापायी कोणी सोसायटीचे कर्ज नवे-जुने केले, हे नजरेखालून गेले आहे. हा पैसा उसाचाच आहे. तेव्हा त्यावर चार शब्द लिहिणे शेतकी खात्याच्या कामाबाहेरचे आहे असे मी मानत नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. गाडीची पारख पहिल्या तीन वर्षांवर करू नका, आठव्या वर्षावर करा. आणि तीही पुण्या-मुंबईतल्या आठव्या वर्षावर नव्हे, आपल्या तालुक्यातल्या.

उसात आपण काय करतो? नव्या जातीची लागण पहिल्या वर्षी सगळ्यांचीच डोळ्यांत भरते. खरी जात कळते ती खोडव्याला. को ८६०३२ ही जात १९९६ साली आपल्याकडे आली. तिच्यानंतर कितीतरी जाती आल्या, काहींनी लागणीला तिच्यापेक्षा जादा टनेजही दिले. तरी शेतकरी फिरून तिच्याकडे येतो, कारण खोडवा चांगला फुटतो आणि साखरही भरते. गाडीचे तसेच समजा. वॉरंटी असेपर्यंतची तीन-चार वर्षे ही लागण. तिथून आठव्या-नवव्या वर्षापर्यंत खोडवा. आणि पुढे पंधराव्या वर्षी पासिंग संपेपर्यंत निडवा. शोरूमवाला आपल्याला लागण दाखवतो. त्याच्याकडे दुसरे दाखवायला काही नसतेच. शहरातला नोकरदार पाच वर्षांत गाडी बदलतो, म्हणजे तो लागणीचे पीक घेऊन मोकळा होतो. आपल्यात गाडी एकदा दारात आली की पोरीच्या लग्नापासून नातवाच्या शाळेपर्यंत तीच असते.

आता "टिकाऊ" हा शब्द घ्या. या एका शब्दात दोन निरनिराळे प्रश्न आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. गाडी किती वेळा बिघडते, हा एक. बिघडली तर बिल केवढे येते आणि ती किती दिवस उभी राहते, हा दुसरा. जुन्या सभासदांना ॲम्बेसेडर आणि फियाट आठवत असतील. ॲम्बेसेडर बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनायची, ती २०१४ साली बंद झाली. फियाट, जिचे नाव पुढे प्रीमियर पद्मिनी झाले, ती मुंबईत कुर्ल्याला बनायची. या गाड्या बिघडायच्या नाहीत असे कोणी सांगत असेल तर ते खरे नव्हे. चांगल्या वारंवार बिघडायच्या. रेडिएटर तापायचा, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकायचा, पॉइंट जळायचे. पण पाना, पक्कड आणि तारेचा तुकडा जवळ असला की चालवणारा रस्त्यातच दुरुस्त करून पुढे जायचा. बिघाड वारंवार, बिल लहान.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली. जपानच्या सुझुकीचे तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन. बॉनेट न उघडताही वर्ष काढता येते, हे लोकांना तेव्हा पहिल्यांदा कळले. बिघाडही कमी आणि बिलही लहान, असा मेळ त्या गाडीत जमला. जानेवारी २०१४ पर्यंत, म्हणजे तीस वर्षे, ती बनत राहिली ती काही उगीच नव्हे. आजच्या गाड्या तिच्यापेक्षाही कमी बिघडतात हे मी मान्य करतो. पण बिघडल्या तर गावच्या मिस्त्रीच्या हाती राहत नाहीत. आधी स्कॅनर लावून बिघाड वाचावा लागतो आणि पुष्कळदा भाग दुरुस्त न करता अख्खा बदलावा लागतो. म्हणून शेजाऱ्याने "माझी गाडी पाच वर्षांत एकदाही बंद पडली नाही" असे सांगितले, तर ते अर्धेच उत्तर समजावे. उरलेले अर्धे त्या गाडीच्या एखाद्या आठ-दहा वर्षे जुन्या भावंडाच्या मालकाकडून घ्यावे.

एक उदाहरण देतो. कंपनीचे नाव सांगत नाही. एका सभासदाने शहरातून जुनी, मोठी, डिझेलची गाडी आणली. नवी असताना वीस लाखांची, याला चार लाखांत मिळाली. गावात पेढे वाटले. आता बघा, गाडीची किंमत वीसवरून चारावर आली, पण तिच्या सुट्या भागांची किंमत काही चारावर आली नव्हती. ते भाग वीस लाखांच्या गाडीचेच राहिले, उलट दरवर्षी महाग होत गेले. दीड वर्षाने टर्बो गेला. बिल ८४ हजार. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात टनाला समजा २,८०० रुपये पडले, तर तो टर्बो ३० टन उसाचा झाला. मध्यम जमिनीतला जवळजवळ एकरभर खोडवा! त्याचे पाणी, खत, रात्रीच्या विजेला उठून दिलेल्या पाळ्या, सगळे त्या ओंजळीत मावणाऱ्या वस्तूत गेले. पुढे इंजेक्टरचेही काम निघाले, तेव्हा त्याने हात टेकले. ती गाडी आज लिंबाखाली उभी आहे आणि टपावर कोंबड्या बसतात.

मी गाडीचे बिल टनांतच करून सांगतो. हजारांत सांगितलेले आपल्या माणसाला टोचत नाही, टनांत टोचते.

आता कंपन्यांविषयी. इथे माझे मत आहे, ते मत म्हणूनच घ्यावे.

मारुतीचे सर्व्हिसचे जाळे देशात सर्वांत मोठे, आणि तालुक्याच्या कोणत्याही पार्टच्या दुकानात तिचा भाग मिळतो, कंपनीचाही आणि बाहेरचाही. आपल्यासारख्याला याचे मोल इंजिनापेक्षा जास्त आहे. पत्रा हलका म्हणून लोक नावे ठेवतात. जुन्या काही मॉडेलांना अपघाताच्या चाचणीत गुण वाईट मिळाले हे खरे. २०२४ साली नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच तारे मिळाले हेही खरे. सुरक्षिततेचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, पण दुरुस्तीचा खर्च वाचवताना एअरबॅग आणि पट्टा यांत काटकसर करू नये, एवढे इथेच सांगून ठेवतो.

टोयोटाचे नाव टिकाऊपणात जगभर पहिल्या ओळीत घेतले जाते आणि आपल्याकडेही त्याला आधार आहे. बंगळूरजवळ बिडदीला बनलेली क्वालिस २००५ साली बंद झाली, तिच्या जागी इनोव्हा आली. आज वीस वर्षांनंतरही क्वालिस लग्नाच्या वऱ्हाडात दिसते. सुटे भाग महाग आहेत, पण वारंवार लागत नाहीत. अर्थात तिथेही सगळे सोन्याचेच असते असे नाही. २००९-१० मध्ये या कंपनीला अमेरिकेत लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. आणि खरे सांगायचे तर घरात चार माणसे, महिन्याला दोन चकरा, आणि दारात इनोव्हा, हा हिशेब टिकाऊपणाचा नाही, मानाचा आहे. मानासाठी घेतली तर माझी तक्रार नाही. पण मग मला "परवडेल का" असे विचारू नये.

नुसता शिक्का पाहूनही फसू नये. टोयोटाची ग्लान्झा म्हणजे मारुतीची बलेनोच, रुमियन म्हणजे अर्टिगा. दोन्ही कंपन्यांचा तसा करारच आहे. तेव्हा "टोयोटाचे इंजिन वेगळेच हो" असे कोणी ग्लान्झाबद्दल सांगू लागला तर हसून घ्यावे.

बोलेरो २००० सालापासून चालू आहे. चासीवर बांधलेली, उंच, आवाज मोठा, बसायला कडक. पण फडातून ट्रॉल्या बाहेर पडून रस्त्याला जी दोन खोल चाकोऱ्या पडतात, त्यांच्यातून ती पोट न घासता निघते. बुटकी गाडी तिथेच ऑइल चेंबर फोडून घेते. ऑइल सांडले हे कळायच्या आत इंजिन जाम! जिचा वापर निम्मा शेतरस्त्यावर आहे ती गाडी कंपनीपेक्षा उंचीवर निवडावी, मग ती महिंद्राची असो, टाटांची असो, ह्युंदाईची असो. मात्र जुनी बोलेरो कोणताही मिस्त्री उघडत असे, तशी नवी राहिली नाही. तीही आता कॉम्प्युटरचीच आहे.

फोक्सवॅगन, स्कोडा यांसारख्या जर्मन घराण्याच्या गाड्या चालवायला भारदस्त, पत्रा जाड. परंतु यांच्या काही मॉडेलांत असलेला दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स ही नाजूक बाब आहे. २०१३ साली याच तऱ्हेच्या गिअरबॉक्ससाठी फोक्सवॅगनला चीनमध्ये ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. साधा हाताचा गिअर असलेली घेतली तर निम्मी काळजी मिटते. जिल्ह्याच्या गावी सर्व्हिस सेंटर असेल, तिथे महिन्याला आपले जाणे असेल, तर घ्यावी. नसेल तर शंभर किलोमीटरवरून टोइंगचे भाडे भरण्याची तयारी ठेवावी.

या सगळ्यांहून मोठा प्रश्न मला वेगळाच वाटतो, आणि त्याकडे गाडी घेताना कोणीच पाहत नाही. गाडी टिकेल, पण कंपनी टिकेल का?

शेव्हरोले आठवते? तवेरा तर आपल्या भागात वडाप आणि देवदर्शनाची गाडी म्हणून किती चालली. बीट ही लहान गाडीही पुष्कळांनी घेतली. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणे थांबवले. आपल्या तळेगावचा त्यांचा कारखाना परदेशी पाठवण्यासाठी २०२० पर्यंत चालला, मग तोही थांबला; पुढे तो ह्युंदाईने घेतला. फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. इकोस्पोर्ट, फिगो या गाड्यांना वाईट म्हणणारा मालक मला क्वचित भेटला. फियाट २०१९ मध्ये गेली. डॅटसन हे नाव २०२२ मध्ये बंद झाले. त्याआधी देवूची मॅटिझ आणि सिएलो अशाच पोरक्या झाल्या. यातल्या काही कंपन्यांनी मागे राहिलेल्या मालकांसाठी पार्ट आणि सर्व्हिसची व्यवस्था ठेवली, फोर्डने तसे सांगूनच ठेवले. पण ती व्यवस्था शहरात. तालुक्याचा दुकानदार ज्याला गिऱ्हाईक नाही तो माल ठेवत नाही, आणि त्यात त्याचे काय चुकले?

यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. फियाटचे १.३ लिटरचे मल्टीजेट डिझेल इंजिन पुण्याजवळ रांजणगावला बनायचे. तेच इंजिन टाटांनी इंडिका व्हिस्टात घातले, आणि मारुतीने परवाना घेऊन स्विफ्ट, डिझायर, अर्टिगात घातले. फियाट गेली, तरी त्या इंजिनाचे भाग आजही मिळतात, कारण लाखो स्विफ्ट-डिझायर रस्त्यावर आहेत. म्हणजे फियाटची पुंटो असलेल्या मालकाला पिस्टन मिळतो, पण पुढची काच फुटली किंवा मागचा दिवा गेला तर तो शोधत फिरतो. इंजिन चालू आणि गाडी उभी, काचेपायी! म्हणून जुनी गाडी घेताना "इंजिन कसे आहे" याच्याबरोबर "हिचा दरवाजा, काच, दिवा कुठे मिळतो" हेही विचारावे. पार्टच्या दुकानात जाऊन तीन वस्तूंचे भाव आधीच काढावेत: पुढचा दिवा, क्लच प्लेटचा पूर्ण सेट आणि पुढच्या चाकाचा शॉकअप. तिन्ही वस्तू दुकानदाराने कपाटातून काढून दाखवल्या तर गाडी घ्यावी. "मागवून देतो, चार दिवस लागतील," म्हणाला तर विचार करावा. "नंबर सांगा, बघतो," म्हणाला तर चहा पिऊन परत यावे.

एक बाजू मात्र राखून सांगतो. ज्याचा सख्खा भाऊ किंवा मेहुणा चांगला मेकॅनिक आहे, त्याने बंद पडलेल्या कंपनीची गाडी निम्म्या किमतीत जरूर घ्यावी. त्याच्यासारखा सौदा नाही. बाकीच्यांनी त्याचे पाहून घेऊ नये.

डिझेल की पेट्रोल, हा वाद आपल्याकडे अजून जुन्या हिशेबाने चालतो. "डिझेलच टिकते," असे वडीलधारी मंडळी म्हणतात. ते त्यांच्या काळी खरे होते, कारण तेव्हाचे डिझेल इंजिन म्हणजे ट्रॅक्टरचा भाऊ होता. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे नियम लागू झाले आणि मारुतीने तर त्या वेळी डिझेल मोटारी बनवणेच सोडून दिले. समजा डिझेलची गाडी पेट्रोलपेक्षा दीड लाखाने महाग आहे. पेट्रोल १०४ रुपये आणि गाडी १८ चे ॲव्हरेज देते, तर किलोमीटरला पावणेसहा-पाच रुपये ऐंशी पैसे. डिझेल ९१ रुपये आणि ॲव्हरेज २२, तर चार रुपये चौदा पैसे. वर्षाला १० हजार किलोमीटर चालली तर साधारण १६ हजार रुपये वाचतात. दीड लाख भरून यायला नऊ वर्षे लागली, आणि तोवर डिझेलच्या दुरुस्तीचा जादा खर्च मी धरलेलाच नाही. आपल्यातल्या बहुतेकांची गाडी वर्षाला १० हजारही चालत नाही. दूध डेअरी, बाजार, बँक, कधी दवाखाना.

आणि नेमके हेच आखूड चालणे नव्या डिझेलला मानवत नाही. त्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर धुरातली काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकायला तो भाग चांगला तापावा लागतो, आणि त्यासाठी मोठ्या रस्त्यावर गाडी सलग पंधरा-वीस मिनिटे पळावी लागते. रोज चार किलोमीटर जाऊन बंद केली तर जाळी चोंदते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. आपला माणूस म्हणतो, "दिवाच आहे, पेटू दे." तो पेटू दिला की पुढे जाळी बदलायची वेळ येते आणि तिचा हिशेब पुन्हा टनांत करावा लागतो. दिवा लागला की त्याच दिवशी हायवेला लागावे.

आणखी एक. काही मोठ्या डिझेल गाड्यांना डिझेलशिवाय एक वेगळे पाणी लागते, त्याला डीईएफ म्हणतात. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेले पाणी असते. हे ऐकून एका चतुर गृहस्थाने मला विचारले, "मग गोदामात युरिया पडलाय की, बादलीत विरघळवून ओतू का?" बंधूंनो, कृपा करून असे करू नका. शेतीचा युरिया २०१५ सालापासून निंबोळी तेल लावूनच येतो. तो आणि विहिरीचे क्षाराचे पाणी त्या यंत्रणेत गेले तर ती कायमची निकामी होते. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीखेरीज दुसरीकडे वापरणे हा गुन्हा आहे. डीईएफची कॅन पंपावर मिळते, तीच घ्यावी.

आता आपल्या घरच्या विषयाकडे येतो, तो टाळून चालणार नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. हे इथेनॉल आपल्या उसाच्या रसापासून, मळीपासून आणि आता मका-तांदळापासूनही बनते. त्यावर शहरात ओरड झाली की गाड्या खराब होतात, आणि आपल्यातले काही म्हणतात, हा सगळा आपल्याविरुद्धचा प्रचार. मला दोन्ही टोके मान्य नाहीत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा उष्णता कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या घडणीच्या मोटारींसाठी ६ ते ७ टक्के आणि ई २० साठी जुळवलेल्या मोटारींसाठी १ ते २ टक्के घट धरली होती. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत नळ्या आणि सील या मिश्रणाला टिकतील अशाच बसवलेल्या असतात. त्याआधीच्या गाड्यांत काही रबरी भाग लवकर बदलावे लागतील, हे २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केले. हे भाग स्वस्त आहेत. त्यासाठी गाडी विकायला काढू नये. पण दहा-पंधरा वर्षे जुनी पेट्रोल गाडी असेल तर वर्षातून एकदा मिस्त्रीकडून पेट्रोलच्या नळ्या तपासून घ्याव्यात, आणि पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर महिनोन् महिने उभी ठेवू नये, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. इथेनॉलचा पैसा आपल्याला मिळतो म्हणून त्याचे दोष झाकावेत, हे मला पटत नाही. गिऱ्हाईक खरे ऐकले की टिकते.

विजेच्या गाडीबद्दल विचारणारे वाढले आहेत. भाग कमी, ऑइल नाही, क्लच नाही. लागण उत्तम दिसते. पण नेक्सॉनची विजेची गाडी २०२० च्या जानेवारीत आली आणि तेव्हा तिच्या बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची होती. म्हणजे तिचा खोडवा वॉरंटीबाहेर कसा येतो ते २०२८ नंतर कळेल. घाई असेल त्याने घ्यावी. मी थांबलो आहे.

दिल्लीच्या गाड्यांचेही सांगतो. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश २०१५ पासून निघत आले, त्यामुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येत राहिल्या. काही चांगल्या निघतात. पण एनओसी, आपल्या आरटीओत भरावा लागणारा कर आणि मीटर मागे फिरवलेले नाही ना, हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. मीटरवर ५० हजार आणि ब्रेकचा पेडल झिजून गुळगुळीत, असे असेल तर पेडल खरे बोलतो. पंधरा वर्षांनंतर पासिंग पुन्हा करायची फीही एप्रिल २०२२ पासून मोटारीला ६०० वरून ५ हजार रुपये झाली आहे, तीही हिशेबात धरावी.

कंपनी कोणतीही असो, आपल्या भागात गाड्या लवकर जाण्याची काही कारणे आपली स्वतःची आहेत. क्लचवर पाय ठेवून चालवणे. फवारणीच्या एचटीपी पंपाने बॉनेटच्या आत पाणी मारणे. आणि उंदीर! ऊस तुटला की शेतातला उंदीर गोठ्याकडे येतो आणि बॉनेटमध्ये ऊब शोधतो. वायरिंग कुरतडलेल्या गाड्यांची संख्या तोडणीच्या महिन्यांत वाढते, हे तालुक्याचा कोणताही इलेक्ट्रिशियन सांगेल. गाडी गंजीशेजारी आणि पेंडीच्या पोत्यांजवळ लावू नये, आणि उभीच राहणार असेल तर दोन दिवसांआड बॉनेट उघडून पाहावे.

शेवटी एक सूचना संचालक मंडळासमोर आणि आपल्यासमोर ठेवतो. अमेरिकेत १९३६ पासून ग्राहकांची एक संस्था आहे. तिचे कन्झ्युमर रिपोर्ट्स हे मासिक गाड्यांची जाहिरात घेत नाही. ते आपल्या सभासदांनाच विचारते की तुमची गाडी कोणती, या वर्षी काय काय बिघडले. आणि त्यावरून कंपनीवार यादी काढते. जर्मनीत वाहनतपासणीत कोणत्या वयाची कोणती गाडी किती वेळा नापास होते याचा अहवाल दरवर्षी निघतो. आपल्या तालुक्याचा असा हिशेब कोणी काढलेला नाही. आपण तर हजारो सभासदांची संस्था. प्लॉटवार लागणीची तारीख, जात, टनेज हे सगळे आपण वर्षानुवर्षे लिहून ठेवतो, आणि त्याच जोरावर कोणती जात कोणत्या जमिनीत लावावी हे ठामपणे सांगतो. मग सभासदांच्या गाड्यांची एक नोंदवही प्रत्येक गट ऑफिसात का ठेवू नये? दोन हंगामांच्या नोंदी जमल्या की या माझ्या मतांची कोणाला गरज उरणार नाही, वहीच सांगेल.

मंडळाचा निर्णय होईपर्यंत ज्यांना मदत करायची इच्छा आहे त्यांनी साध्या कागदावर लिहून आपल्या गटाच्या चिटबॉयजवळ द्यावे. गाडीची कंपनी आणि मॉडेल, कोणत्या सालची, नवी घेतली की जुनी, वर्षाला साधारण किती चालते, टायर-ऑइल सोडून गेल्या तीन वर्षांत दुरुस्तीला किती खर्च आला आणि सर्वांत मोठे बिल कशाचे, शेतरस्ता किती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पार्टसाठी गाडी किती दिवस उभी राहिली. नाव लिहिले नाही तरी चालेल. मीटरचा आकडा आजचा लिहावा, आणि तो मागे फिरवलेला असल्याची शंका असेल तर तसेही लिहावे.